माझा पूर्ण पाठिंबा आहे

रविवारी सकाळी गळ्यात स्कार्फ, खांद्यावर दोरीचं वेटोळं आणि छातीवर शिट्टी अशा थाटात सांगलीच्या रस्त्यानं चालत गेलात, तर लोक तुम्हाला काय काय समजतात याची एक यादीच माझ्याकडे आहे. एनसीसीचे मास्तर, आरएसपीवाले, होमगार्ड, लग्नाच्या बँडमधला वाट चुकलेला माणूस. एकदा विश्रामबागेत आमच्याच बँकेच्या एटीएमसमोर उभा होतो, तर एका बाईंनी विचारलं, "वॉचमन, आत पैसे आहेत का हो?" आता मी त्याच बँकेत गेली बावीस वर्षं कारकून आहे. पण आत पैसे आहेत की नाहीत हे मला सोमवारी काउंटरवर बसूनसुद्धा सांगता येत नाही, तिथं रविवारी काय सांगणार? मी तीन बोटांचा सॅल्यूट ठोकला. बाई दचकून शेजारच्या बँकेच्या एटीएमकडे वळल्या.

तर मी स्काऊटमास्तर आहे. पगार नाही, भत्ता नाही, गणवेश स्वखर्चानं, शिट्टी मात्र पथकाची. आमच्या सौ.चं म्हणणं असं, की तुम्ही बँकेत काम न करता पगार घेता आणि इथं पगार न घेता काम करता, म्हणजे एकूण खातं बरोबर जुळतं. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर असल्यामुळे मला या ताळेबंदात चूक काढता आलेली नाही.

ही सगळी भानगड सुरू केली ती बेडन पॉवेल नावाच्या एका इंग्रज लष्करी अधिकाऱ्यानं. १९०७ च्या ऑगस्टात त्यांनी इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्याजवळच्या ब्राउन्सी बेटावर वीसेक पोरं नेली. काही ईटन, हॅरोसारख्या बड्या शाळांतली, काही जवळपासच्या गावांतल्या कामकरी घरांतली. त्यांचे चार संघ पाडले: लांडगे, बैल, डोमकावळे आणि कर्ल्यू नावाचा लांब चोचीचा एक पाणपक्षी. फी श्रीमंतांच्या मुलाला एक पौंड आणि गरिबाच्या मुलाला साडेतीन शिलिंग. आमच्या भाषेत याला डिफरेन्शिअल रेट म्हणतात, आणि तो आपल्या बँकांत यायला १९७२ साल उजाडावं लागलं. एवढं करून शिबिर तोट्यातच गेलं. या साहेबाबद्दल मला आपुलकी वाटते ती इथपासून.

आपल्याकडे १९०९ साली स्काऊट आले ते साहेबांच्या मुलांसाठी. नेटिव्ह पोरांना दार बंद. मग ॲनी बेझंट, मदनमोहन मालवीय, हृदयनाथ कुंझरू या मंडळींनी आपल्या मुलांसाठी आपली पथकं काढली. स्वातंत्र्यानंतर ७ नोव्हेंबर १९५० रोजी वेगवेगळ्या संघटनांचं विलीनीकरण होऊन आजची 'भारत स्काऊट्स आणि गाइड्स' झाली. मुलींची संघटना पुढच्या वर्षी येऊन मिळाली. विलीनीकरण म्हटलं की आम्हा बँकवाल्यांच्या पोटात गोळा उठतो. पण या विलीनीकरणात कुणाचा खातेनंबर बदलला नाही की कुणाची नांदेडला बदली झाली नाही, एवढं तरी बरं.

महाराष्ट्रात बहुतेक पथकं शाळांची असतात. तिथं स्काऊटमास्तर म्हणजे तासाला हजर असलेले शिक्षक. त्यांना निदान पळता येत नाही. आमचं पथक खुलं. म्हणजे चार शाळांतली पोरं रविवारी सकाळी एका शाळेच्या मैदानावर जमतात आणि त्यांना सांभाळायला कुणीतरी मोठा माणूस आपणहून यावा अशी अपेक्षा असते. ही अपेक्षा सांगलीत किती लोक पुरी करतील, याचा अंदाज मला त्या सभेत आला.

आधीचे स्काऊटमास्तर मुलाकडे पुण्याला राहायला निघाले होते. नवा माणूस निवडायला पालकांची सभा भरली. मी आपला माझ्या मुलाला घरी न्यायला गेलो होतो. डॉक्टर उठले आणि म्हणाले, "या कार्याला माझा पूर्ण पाठिंबा आहे, पण ओपीडी." वकीलसाहेब म्हणाले, "पूर्ण पाठिंबा. कायदेशीर काही लागलं तर हाक मारा." एका कंत्राटदारांनी पाठिंब्याबरोबर चहाही दिला. एक प्राध्यापक पाठिंब्यावर वीस मिनिटं बोलले. असा एकेक करत एकोणीस पालकांचा पाठिंबा जमा झाला. विसावा मी. लहानपणी साताऱ्याला स्काऊटमध्ये होतो, हे मी मागे कुणाजवळ तरी बोललो होतो. बँकेत नव्या खात्याला ओळख देणारा एक सापडला की बास, तसं झालं. मीही पाठिंबा जाहीर करायला तोंड उघडलं, तेवढ्यात टाळ्या पडल्या.

साताऱ्याच्या त्या दिवसांबद्दल सांगायलाच हवं, कारण माझं सगळं भांडवल तेच. आमचे सर आम्हाला पहाटे अजिंक्यताऱ्यावर न्यायचे आणि वर पोचलं की एका दगडावर बसून खिशातल्या शेंगा खायचे. आम्ही तंबू ठोकायचो. तंबू पडायचा. सर शेंगा खायचे. आम्ही एकमेकांना शिव्या देत पुन्हा ठोकायचो. तो डावीकडं कलायचा. सर टरफलं नीट कागदात गोळा करायचे. अख्ख्या शाळेत सरांची ख्याती आळशी अशी होती. पुढं मी स्काऊटमास्तरांचा सात दिवसांचा बेसिक कोर्स केला. तिथं संघपद्धतीवर व्याख्यानं झाली: सहा-आठ मुलांचा एक संघ, त्यांचा त्यांच्यातलाच संघनायक, कामं त्यांनी वाटून घ्यायची, मोठ्यानं फक्त नजर ठेवायची. मी वहीभर टिपणं काढली. शेवटच्या दिवशी लक्षात आलं, की यातलं सगळं सर शेंगांवरच भागवत होते.

ऐकायला हे सोपं वाटतं. करून बघा. समोर बारा वर्षांचा पोरगा ओल्या लाकडावर फुंकर मारतोय, डोळ्यांतून पाणी, तोंडाला काजळी, आणि कोरडी काटकी त्याच्या पाठीमागं हातभर अंतरावर पडलेली आहे. आपल्याला ती दिसतेय. आपला हात आपोआप उठतो. तो दुसऱ्या हातानं धरून खिशात घालायचा, याला स्काऊटिंग म्हणतात. बँकेत एकानं नोंद करायची आणि दुसऱ्यानं तपासून पास करायची अशी पद्धत असते. तपासणाऱ्यानं स्वतःच नोंद करायला घेतली की ऑडिटर धरतो. इथं ऑडिटर नसतो, हीच अडचण. माझा एक नियम आहे: विस्तव भडकला, पाणी खोल असलं, विळी-कोयता निघाला, कडा जवळ आला किंवा कुणाला ताप चढला तर मी एका उडीत तिथं असतो. बाकी वेळ शेंगा.

पोरांचा त्रास म्हणाल तर तो मला फारसा वाटत नाही. चारही संघांना 'वाघ' हेच नाव हवं असतं. चिठ्ठ्या टाकाव्या लागतात आणि ज्यांच्या नशिबी मोर येतो ते महिनाभर मान खाली घालून फिरतात. रोज एक सत्कृत्य करायचं म्हणून एका बहाद्दरानं तासगावला निघालेल्या आजींचं गाठोडं उचलून त्यांना मोठ्या प्रेमानं मिरजेच्या गाडीत बसवून दिलं. स्काऊटचे नियम नऊ आहेत, त्यांतला एक काटकसरीचा. तो पाळायचा म्हणून एकानं आंघोळच सोडली. हे सगळं चालायचंच. वय दहा ते सतरा. मी त्या वयात याहून काही उजेड पाडला नव्हता.

खरी कसरत मोठ्या माणसांची. डाव्या हाताचंच बघा. स्काऊट एकमेकांशी डाव्या हातानं हस्तांदोलन करतात. डावा हात काळजाजवळचा, असं एक कारण. दुसरी कथा अशी सांगतात, की आफ्रिकेतल्या अशांती लोकांचे योद्धे डाव्या हातात ढाल धरत. ती खाली ठेवून तो हात पुढं करायचा म्हणजे तुझ्यावर पुरा विश्वास. आफ्रिकेत हे ठीक आहे. आमच्या एका नव्या स्काऊटनं गावभागातल्या आपल्या घरी, सत्यनारायणाच्या दिवशी, साक्षात आजोबांपुढं डावा हात केला. संध्याकाळी आजोबा माझ्या दारात. "काय हो, उद्या प्रसादही डाव्या हातानं घ्यायला शिकवणार काय?" मी त्यांना बसवलं, पाणी दिलं आणि अशांतीची सगळी गोष्ट सांगितली. ते म्हणाले, "अशांती तर दिसतेच आहे."

आणि वॉट्सॲपवरचा पालकांचा ग्रुप. 'उद्या सकाळी सात वाजता मैदानावर यावे' एवढा निरोप टाकला की त्याखाली त्रेपन्न निरोप येतात. सात म्हणजे सातच का? नाश्ता करून की न करता? पाऊस आला तर? दहावीला याचे मार्क किती धरतात? हा शेवटचा प्रश्न पाचवीतल्या मुलाच्या आई विचारतात. एका वडिलांना तर दोरीच्या गाठींचाच राग. "रीफ नॉट, क्लोव्ह हिच, बोलाइन… या गाठींचा आयुष्यात काही उपयोग आहे का हो?" मी त्यांना सांगितलं, की मी बी.कॉम.ला तीन वर्षं जे शिकलो त्याच्या मानानं पुष्कळ आहे.

उपयोगाचं निघालंच आहे तर २०१९ सालच्या पुराचं सांगतो. त्या ऑगस्टात आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. धोक्याची पातळी ४५ फूट. यावरून काय ते समजा. निम्मं गाव शाळांतून आणि मंगल कार्यालयांतून येऊन राहिलं. आमची ज्यांची घरं कोरडी होती अशी अकरा पोरं एका शाळेत मदतीला गेली. पाण्याच्या दिशेनं एकानंही पाऊल टाकायचं नाही, ही माझी पहिली अट. दोन घरांत ती मी स्वतः जाऊन सांगितली. गंमत म्हणजे त्या सहा दिवसांत गाठ एकसुद्धा बांधावी लागली नाही. कामाला आली ती वही. कोण आलं, कुठल्या गल्लीतलं, कोणत्या खोलीत आहे, कुणाला साखरेची गोळी कधी द्यायची, हे सगळं पोरांनी संघ पाडून लिहून ठेवलं. तिसऱ्या दिवशी रात्री मोजदाद केली, तर वहीत २१२ आणि प्रत्यक्षात कधी २०८, कधी २१५. टोटल जुळेना म्हटल्यावर माझ्यातला कारकून शेंगा टाकून उठणारच होता.

एवढ्यात कोपऱ्यातल्या सतरंजीवरून आवाज आला, "आरं पोरांनो, असं मोजत्यात व्हय? आधी बसल्यालं मोजा. मग उभं. मग दारात लोंबकळतंय ते. मोजल्याल्या माणसाला हलू द्यायचं न्हाई."

हे गृहस्थ एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर. घर पाण्यात गेलं म्हणून तिथं मुक्कामाला आलेले. ते धोतर सावरत उठले, हातात एक मोडकी पेन्सिल घेतली आणि कानामागं खोवली. दहा मिनिटांत आकडा आला, २११. एक कमी. कोण कमी ते वहीवरून लगेच कळलं: एक म्हातारे शेतकरी 'म्हशीकडं जरा बघून येतो' म्हणून अंधारात निघून गेले होते. पोरांनी पोलिसांना नाव सांगितलं, गल्ली सांगितली, म्हातारा कोणत्या रंगाचा शर्ट घालून आहे तेही वहीत होतं. तासाभरानं त्यांना कमरेएवढ्या पाण्यातून आणलं. म्हैस आधीच सुखरूप होती, असं नंतर समजलं.

पूर ओसरल्यावर पहिल्या रविवारी कंडक्टरकाका मैदानावर हजर. म्हणाले, "साहेब, तुमच्याकडं जागा हाय का? बिनपगारी चालंल. फक्त शिट्टी पायजे. घंटीची सवय हाय, पर शिट्टीवर भागवू." एकोणीस पाठिंब्यांनंतर मिळालेला हा पहिला माणूस.

काका आल्यापासून पथकाला एक शिस्त आली आहे. सहलीला निघताना ते "पुढं सरका, पुढं सरका" म्हणतात आणि मोकळ्या मैदानावर सव्वीस पोरं खरंच पुढं सरकतात. स्वयंपाकाच्या बाबतीत तर माझ्यापेक्षा तेच कडवे. त्यांचं शिक्षण रयत शिक्षण संस्थेच्या वसतिगृहात झालेलं. भाऊराव पाटलांनी १९१९ साली काल्याला ही संस्था काढली आणि १९२४ मध्ये साताऱ्याला बोर्डिंग सुरू केलं. सगळ्या जातींची पोरं एकत्र राहायची, एकत्र जेवायची आणि राबून शिकायची. बोर्डिंग चालावं म्हणून लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्र मोडलं, हे साताऱ्यात शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. काका त्या मानानं फार नंतरचे, पण भाकरीची पाळी त्यांनाही चुकली नव्हती. "करपली तर करपली. जो करपवतो त्यानंच पयली खायाची," हा त्यांचा दंडक. त्यामुळे गेल्या वर्षी शिबिराला आचारी न्यावा असा ठराव ग्रुपवर बहुमतानं मंजूर झाला, तेव्हा काकांनी मला एवढंच विचारलं, "त्या आचाऱ्याला बिल्ला देनार काय?"

त्या शिबिराचीच गोष्ट जरा सविस्तर सांगण्यासारखी आहे. डिसेंबरात तीन दिवस साताऱ्याजवळ, यवतेश्वरचा घाट चढून गेल्यावर एका ओळखीच्या शेतकऱ्याच्या रानात. खर्च माणशी नऊशे. तीन-चार मुलांना ते जड जातात हे मला माहीत होतं, आणि दरवर्षी त्याची काहीतरी गुपचूप व्यवस्था होत असे. यंदा वकीलसाहेबांनी चांगल्या मनानं ग्रुपवर लिहिलं: 'गरीब मुलांचा खर्च मी करीन. नावे कळवावीत.' त्याखाली बावीस नमस्कार आणि अठरा फुलं. त्या ग्रुपवर त्या मुलांच्या आयासुद्धा होत्या, हे कुणाच्या ध्यानात आलं नाही.

मोर संघाचा नायक पुढचे दोन रविवार आला नाही. त्याचे वडील मार्केट यार्डात हमाल आहेत, हळदीची पोती उचलतात. पोरगा मोठा चोख. संघाची वही त्याच्याइतकी स्वच्छ मी आमच्या शाखेतही पाहिली नाही. तिसऱ्या रविवारी मी त्याच्या घरी जायचं ठरवलं होतं. पण काय बोलणार? आईनं दारातच 'साहेब, परीक्षा जवळ आलीया' म्हटलं असतं आणि मला मान डोलवून परत यावं लागलं असतं.

संघनायकांची एक सभा असते, तिला 'कोर्ट ऑफ ऑनर' म्हणतात. पथकाच्या पैशाचे आणि शिस्तीचे प्रश्न तिथं सुटतात. मोठ्यानं बसायचं, पण विचारल्याशिवाय बोलायचं नाही. त्या रविवारी तीनच नायक बसले आणि मोराची जागा मोकळी. वाघाचा नायक, वकीलसाहेबांचाच चिरंजीव, म्हणाला, "सर, फी कुणीच द्यायची नाही असं केलं तर?" मी शेंग सोलत होतो, ती खाली पडली. त्यांचं म्हणणं सरळ होतं. वर्षातून एकदा 'खरी कमाई' असतेच, कामं करून पैसे मिळवायचे. मग सगळं शिबिरच खऱ्या कमाईवर करायचं. घरून कुणी एक रुपया आणायचा नाही. ज्याच्या घरी आहेत त्यानंही नाही. सव्वीस मुलं, नऊशे प्रमाणे २३,४०० रुपये. पाच आठवडे. मला विचारलं असतं तर मी सांगितलं असतं, की हे जमणार नाही. कुणी विचारलं नाही.

हिशेबाची वही मोराकडं होती. ती आणायला तिघं त्याच्या घरी गेले आणि वहीबरोबर त्यालाही घेऊन आले. काय बोलणं झालं ते मला ठाऊक नाही. मी विचारलेलं नाही.

मग पाच आठवडे सांगलीनं पुष्कळ काही पाहिलं. पोरांनी दुचाक्या धुतल्या, रद्दी गोळा केली, सोसायट्यांची झाडं-कुंड्या केल्या, एकाच्या आजीनं घरी करून दिलेल्या भडंगाची पाकिटं विकली. डॉक्टरांचा मुलगा शेजाऱ्यांची स्कूटर घासताना बघून त्याच्या आईंनी मला फोन केला, "आमच्याकडे गाडी धुवायला माणूस आहे हो!" मी म्हटलं, "वहिनी, आता दोन झाले." त्यांनी त्याच्या हातात दोनशे रुपये ठेवले आणि त्याला वर बोलावून घेतलं. पोरानं ते प्रामाणिकपणे वहीत लिहायला दिले. त्यावर कोर्ट बसलं. काम न करता मिळालेले पैसे कमाईत धरता येत नाहीत, असा निर्णय झाला आणि दोनशे रुपये पावती घेऊन वहिनींना परत गेले. हा निर्णय मी बँकेत कुणाला सांगितलेला नाही. उगाच घबराट पसरायची. वकीलसाहेबांचा चेकही याच न्यायानं परत गेला, पण भडंग घेता येईल असा मार्ग कोर्टानं मोकळा ठेवला. त्यांनी चाळीस पाकिटं घेतली. महिनाभर त्यांचे अशील तारखेबरोबर भडंगही घेऊन जात होते.

पाच आठवड्यांनी वही बंद केली तेव्हा आकडा होता १७,८६०. तूट ५,५४०. मी तोंड उघडलं आणि काकांनी माझ्याकडं असं बघितलं, जसं ते सुट्टे नसलेल्या प्रवाशाकडं बघत असतील. मी गप्प बसलो. पोरांनी खर्चालाच कात्री लावली. खाजगी बस गेली, एसटी आली. पनीर गेलं, पिठलं आलं. सँडविच गेलं, भाकरी आली. आचारी तर आधीच गेला होता. धान्य मोराच्या नायकानं वडिलांबरोबर जाऊन यार्डातून घाऊक भावानं आणलं. तिथं त्याला सगळे ओळखत होते आणि वाघाच्या नायकानं त्या दिवशी पोतं धरायला शिकून घेतलं. सगळं धरून २३० रुपये उरले. त्याच्या पोरांनी शेंगा घेतल्या. कुणासाठी, ते सांगत नाही.

शिबिर काही आदर्श वगैरे झालं नाही. साताऱ्याच्या डोंगरावरचा वारा म्हणजे काय हे सांगलीकरांना कळत नाही. मोरांनी तंबूचं दार नेमकं वाऱ्याकडं केलं. मला ते संध्याकाळी पाच वाजताच दिसलं होतं. रात्री दोन वाजता तंबू त्यांच्यासकट गुंडाळला गेला आणि आतून आठ जणांचे सोळा पाय बाहेर आले. उठून त्यांनी तो अंधारात पुन्हा ठोकला, दार फिरवून. मी माझ्या तंबूच्या फटीतून टॉर्च न लावता बघत होतो. थंडीपेक्षा न उठण्यानं मी जास्त कुडकुडलो असेन.

दुसऱ्या दिवशी रात्री नऊला घाटातून एक मोटार वर आली. वकीलसाहेब! साताऱ्याच्या कोर्टात काम निघालं होतं म्हणे. सोबत हॉटेलातली तीस पार्सलं. काका टॉर्च घेऊन आडवे झाले. "साहेब, पार्सल लगेज टपावर. आत न्यायचं न्हाई." युक्तिवाद बराच झाला, पण पस्तीस वर्षं लोकांना मधल्या स्टॉपवर उतरवलेल्या माणसापुढं वकिली चालत नाही. पार्सलं शेतकऱ्याच्या घरी आणि वस्तीवरच्या पोरांना गेली. वकीलसाहेब चुलीजवळ बसले. त्यांच्या चिरंजीवांनी त्यांना ताट दिलं: पिठलं, भाकरी, कांदा. पिठल्याला खालून लागलेलं होतं आणि भाकरीच्या आकाराला भूमितीत नाव नाही. त्यांनी एकदा खाल्लं. मग पुन्हा मागितलं. भुकेनं की मुलाचा भाजलेला अंगठा बघून, हे मला सांगता येणार नाही. निघताना माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "तुमच्या या कार्याला…" मी म्हटलं, "माहीत आहे, साहेब."

आता आमची अडचण अशी आहे. काकांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि लेकीनं त्यांना विश्रांतीला कराडला नेलं. तिथून रोज फोन येतो, "पोरं मोजली का?" पण फोनवरून शिबिर चालत नाही. एकट्या मोठ्या माणसानं मुलांना मुक्कामी न्यायचं नाही, निदान दोघं हवेत. नियम असो नसो, मी तो पाळतो. पुढचं शिबिर डिसेंबरात, तिथंच. खऱ्या कमाईची वही उघडलेली आहे, मोराचा नायक यंदा दहावीला असूनही आकडे तोच लिहितो, आणि पोरांनी काल मला बजावलं की सर, दुसऱ्या माणसाचं मात्र तुम्ही बघा, ते काम आमच्याच्यानं होणार नाही.

म्हणून विचारतो. तुम्ही रविवारी सकाळी काय करता? फार काही येत नसलं तरी चालेल. दोरीच्या गाठी पोरं शिकवतील, आकडे मी बघतो. वीस तारखेच्या आत कळवा, एसटीचं बुकिंग करायचं आहे. पाठिंबा कळवू नका. तो भरपूर शिल्लक आहे.